एच-टू-एस बाटली: काही महिन्यांच्या वापरानंतर

पिण्याच्या पाण्यात विष्ठेची घाण मिसळली आहे का, हे एच-टू-एस बाटली सांगते: पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, घाणीतले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड (एच-टू-एस) वायू बनवतात आणि त्याने बाटली काळी पडते. पण इंजेक्शनसाठी मिळणारं निर्जंतुक पाणी भरूनही बाटली काळी पडते, तेव्हा दोष पाण्याचा नसतो. नव्या खोक्यातल्या बाटल्यांचं हेच झालं, आणि विक्रेत्याचं उत्तर आलं, "पाणी नीट उकळून घ्या." मुळात बाटल्या नीट आहेत का या पडताळणीला उकळलेलं पाणी भरवशाचं नाही. क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूचे बीजाणू उकळीतूनही तगतात आणि तेही बाटली काळी करतात. वाद घातल्यावर खोकं बदलून मिळालं. तेव्हा प्रत्येक नव्या खोक्यातल्या दोन बाटल्या आधीच खर्ची घालायच्या: एकीत निर्जंतुक पाणी, दुसरीत तेच पाणी आणि गटाराच्या पाण्याचे दोन थेंब. पहिली ४८ तास काळी पडता कामा नये, दुसरी काळी व्हायलाच हवी. चिकटपणा करायचा तर दुसरीकडे करावा.

आता टोपण. मंजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी ही पद्धत १९८२ मध्ये मांडली. पेप्टोन (जीवाणूंचं खाद्य), थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार शोषलेली कागदाची पट्टी, बस्स. इतक्या सुटसुटीत युक्तीला इतकं गचाळ टोपण का? आतली चकती सुटी असते आणि उघडताना खाली पडते. अरुंद बोळात एका हातात नळाची पाइप, दुसऱ्यात बाटली. टोपण ठेवायचं कुठे? करंगळीने तळहाताशी दाबून धरायचं, उघडी बाजू खाली, आणि आत बोट लागू द्यायचं नाही. नुकतंच गटार उपसलेल्या हाताचं बोट टोपणाच्या कडेला लागलं की चांगल्या पाण्याची बाटलीही काळी. बिजागरीचं, न सुटणारं टोपण बसवायला असा किती खर्च येणार आहे?

सुरुवातीला टोपणापेक्षा मोठी तक्रार ही होती की बाटली फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगते, किती ते सांगत नाही. ती तक्रार आता निम्मी उरली आहे. २० मिलीच्या पाच बाटल्या एकाच पाण्याने भरल्या तर काळ्या किती झाल्या यावरून अंदाज बांधता येतो: एक म्हणजे १०० मिलीत साधारण १.१, दोन म्हणजे २.६, तीन म्हणजे ४.६, चार म्हणजे ८. पाचही काळ्या म्हणजे त्याहून जास्त. हा आकडा हायड्रोजन सल्फाइड बनवणाऱ्या जीवाणूंचा, ई. कोलाय या विष्ठेतल्या नेहमीच्या जीवाणूचा नव्हे. ई. कोलाय सहसा हा वायू बनवतच नाही. बाटली काळी करतात ते विष्ठेत त्याच्या सोबतीने असणारे सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला वगैरे.

पण वस्तीत आकड्यापेक्षा जोड्या जास्त कामाच्या. पाणी सुटताच पहिल्या धारेची एक बाटली, दहा मिनिटांनी दुसरी, आणि घरातल्या पिंपातली तिसरी. पहिली काळी, दुसरी स्वच्छ: पाणी बंद असताना पाइपातला दाब पडतो आणि गटारातून गेलेल्या गंजक्या जोडणीतून घाण आत ओढली जाते. शेजारी कुणी थेट नळाला मोटर लावली तर पाणी चालू असतानाही हेच होतं. दोन्ही काळ्या: दोष मागे मुख्य वाहिनीकडे आहे, किंवा गळती मोठी आहे. नळ स्वच्छ आणि पिंप काळं: पेला बुडवणारे हात.

या जोडीसोबत क्लोरीन मोजायचा संच लागतोच. नळाशी मुक्त क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरला की तिथून मागे मागे एकेक नळ तपासत जायचं. तो अचानक जिथे घसरतो, खणायचं तिथेच. क्लोरीन तपासायला काही मिनिटं लागतात, बाटलीला एक-दोन दिवस. म्हणून बाटल्या क्लोरीन घसरलेल्या ठिकाणीच वापरायच्या. गटाराची बाटली भरण्यात तर अर्थच नाही, ती काळी होणारच. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीमागे दहा लाख ते एक कोटी ई. कोलाय सहज असतात. असं १ मिली पाणी १०० लिटरच्या पिंपात पडलं तरी १०० मिलीत १० ते १०० उरतात, आणि पिण्याच्या पाण्यात एकही चालत नाही.

पुस्तिकेतलं 'खोलीच्या तापमानात ठेवा' हे वाक्य खोडून टाकावं. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टी आणि थंडीत पहाटे गारठलेली. ३० ते ३५ अंश हवेत. थर्माकोलची पेटी, आत कोमट पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक थर्मामीटर, इतकं पुरतं. गारठ्यात २४ तासांत काही दिसलं नाही म्हणून पाणी चांगलं ठरवू नये, ४८ तास थांबावं. उलट बोअरचं पाणी भरल्यावर काही मिनिटांतच काळं झालं तर त्यात आधीपासूनच सल्फाइड आहे. जीवाणू इतक्या लवकर वाढत नाहीत. ती बाटली गेली.

आणि स्वच्छ राहिलेली बाटली विषाणू किंवा जिआर्डिया या जुलाब करणाऱ्या परजीवीबद्दल हमी देत नाही. क्लोरीन घातलेल्या पाण्यात तर मुळीच नाही, कारण जीवाणू आधी मरतात, जिआर्डियाच्या पुटी (कवचातले सुप्त जीव) तग धरतात.

काळ्या बाटलीत जीवाणू वाढवून ठेवलेले असतात, ती नाल्यात ओतू नये. ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण घालून तासभर ठेवावं, मग संडासात. संडासाचं अ‍ॅसिड त्यात अजिबात नको. काळ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, ब्लीचिंगमधून क्लोरीन, आणि बंद मोरीत दोन्ही घातक. धुऊन घेतलेली बाटली मुलांच्या हाती लागू न देता मोडून टाकावी.