‘ल्यांग’ म्हणजे दोन, आणि पन्नास ग्रॅमसुद्धा

चीनमध्ये अडीच वर्षे राहिलेला आणि भाजीवालीशी चिनीत घासाघीस करणारा माणूस चिंगदाओच्या एका हॉटेलात एका जेवणाला १,७५० युआन मोजून बाहेर पडला, आणि तो माणूस मी आहे, हे लिहिताना लाज वाटते.

दारातल्या टाक्यांमधून जिवंत मासळी निवडायची होती. ‘पीपीश्या’ हा कोळंबी आणि खेकडा यांच्या मधला वाटणारा, काटेरी कवचाचा प्राणी आम्ही कधी खाल्ला नव्हता. फळ्यावर ६८ हा आकडा आणि त्याखाली नखाएवढे ‘ल्यांग’ हे अक्षर होते. बाजारात रोज दिसणारे ‘जिन’, म्हणजे ५०० ग्रॅम, मला ओळखता येते. ‘ल्यांग’ मात्र मी ‘दोन’ याच अर्थाने शिकलो होतो, म्हणून दोघांच्या थाळीचे ६८ युआन असा अर्थ लावला. बाईने “ल्यांग?” असे विचारलेही, आणि मी पत्नीकडे हात करून “हो, आम्ही दोघेच” असे ऐटीत सांगितले. तेच अक्षर ५० ग्रॅमसाठीही वापरतात.

तिने पाणी ठिबकणारी जाळी तशीच काट्यावर ठेवली, तेव्हा तरी मला कळायला हवे होते. थाळीचा भाव ठरलेला असेल तर वजन कशाला करायचे? मालवणच्या बाजारात वाट्याच्या तळाशी दडवलेला शिळा बांगडा हुडकून काढणारा मी, काट्यावरचा आकडा लख्ख दिसत असताना खेकड्यांचे फोटो काढत होतो. दोन मिनिटांत माल वाफेवर गेला. शिजलेला माल परत करता येत नाही, हे या लोकांना पक्के ठाऊक असते.

बिलात २४ ल्यांगांचे १,६३२, ‘शिजवण्याचे’ ६०, तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, ३८ आणि पिशवीतल्या बिअरचे २० युआन होते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात ३८ युआनची कोळंबी ताटाला नसून नगाला आहे असे सांगून एका गिऱ्हाइकाला लुबाडले होते आणि त्या हॉटेलला ९०,००० युआन दंड झाला होता. तो किस्सा मी मित्रांना हसत सांगितलेला आहे. पण सगळा बाजार ज्याचा भाव जिनवर सांगतो, त्याचा भाव ल्यांगवर लावून दहापट उकळणे ही माझी चूक कशी?

पोलिसांनी फळा पाहिला आणि “भाव लिहिलेला आहे, हा व्यवहारातला वाद आहे, आधी पैसे द्या” असे सांगून ते निघून गेले. म्हणून फळ्याचा फोटो आधी काढा, आणि १२३१५ या ग्राहक तक्रार क्रमांकावर पैसे देण्यापूर्वीच फोन करा. ज्या कार्यालयाकडे मला पाठवले, तिथे फापियाओ, म्हणजे अधिकृत करबिल, मागितले. यंत्र बिघडल्याचे कारण सांगून हॉटेलने मला हाताने लिहिलेली चिठ्ठीच दिली होती. फापियाओ नाही म्हणून तक्रार अपुरी, आणि फापियाओ दिले नाही ही तक्रार करविभागाची, असे मला तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांनी, त्याच थंड आवाजात ऐकवले. पाणी निथळल्याशिवाय वजन करू देऊ नका, आणि ‘शीज्या’, म्हणजे आजचा भाव, एवढेच लिहिलेले असेल तर उठून जा.

शेवटी मी मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद दाखवली. मी स्कॅन केलेला कोड हॉटेलच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या नावावर होता, म्हणून तीही चालली नाही.