मासा न टाकता खारा टँक तयार केला: एपीआयचं किट आणि नवसागर

खाऱ्या पाण्याचा फिश टँक मांडायचा विचार असेल तर काच, लाइट, दगड यांच्याही आधी टेस्ट किट घ्या. मी एपीआय कंपनीचं सॉल्टवॉटर मास्टर किट वापरते. त्यात पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा चार तपासण्या आहेत. किटबद्दल लिहायचं तर आमच्या पहिल्या टँकबद्दल सांगावंच लागेल. तेव्हा हे घरात नव्हतं आणि दोन मासे हकनाक गेले.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. खाली चार माग, वर आम्ही. धाकट्याला क्लाउनफिश हवा होता, म्हणून दिवाळीत टँक आणला. जिथून सगळं सामान घेतलं त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पाणी भरून दुसरा दिवस उजाडतो न उजाडतो तोच तिथल्या माणसानं पिवळ्या शेपटीचे तीन निळे डॅमसेल पिशवीत बांधून दिले. "अक्का, हे टाकून ठेवा. चिवट असतात. ह्यांच्या घाणीवरच पाणी तयार होतंय. महिन्यानं क्लाउन न्या." मी विचारलं, आणि हे मेले तर? "एखादा जातोय की. चालायचंच."

चौथ्या दिवशी मुलगा शाळेतून आला आणि दप्तर न काढताच ओरडला, "आई, तो वर येऊन तोंड उघडायलाय बघ." मी खाली मागावर होते, धावत वर गेले. एक मासा पाण्याच्या कडेला येऊन भराभर श्वास घेत होता. कल्ल्याची झापड उघडली की आत लालभडक दिसायचं, कुंकवाच्या बोटासारखं. रात्री तो गेला. सहाव्या दिवशी दुसरा. तिसरा जगला, पण त्याचे ते दिवस कसे गेले असतील याचा विचार मला आजही सोडत नाही. एवढासा जीव आपण पैसे देऊन आणायचा आणि विषात सोडायचा, हे मला मान्य नाही.

विषच होतं ते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. समुद्रात त्याचा पत्ताही लागत नाही. मुरलेल्या टँकमध्ये दगडांवर, वाळूवर बसलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणूच नसतात. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. गोड्या पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. खाऱ्या पाण्यात तेच प्रमाण दहापटीच्या पुढं जातं. म्हणजे गोड्या पाण्यात मासा टाकून जे निभावून जातं ते इथं निभावत नाही.

दुसऱ्यांदा मांडताना ठरवलं, पाणी तयार झाल्याशिवाय एकही मासा आणायचा नाही. मग जिवाणूंना खायला काय घालायचं? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एक कोळंबी टाकून कुजू दे. ही जुनी रीत आहे, चालतेही. पण कोळंबीतून किती अमोनिया सुटणार ते आपल्या हातात नसतं, आणि वास घरभर होतो. मी नवसागर घेतला. कल्हईवाले भांड्यावर कथलाबरोबर टाकतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारातला कल्हईचा खडा वापरू नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध पावडर आणा.

माप असं. १०० लिटर पाण्यात २ पीपीएम (म्हणजे लिटरमागं २ मिलिग्रॅम) अमोनिया हवा तर साधारण ०.६ ग्रॅम नवसागर लागतो. एवढंसं घरी तोलणं कठीण, म्हणून मी ६ ग्रॅम पावडर विरघळवून १०० मिली द्रावण करून ठेवलं. त्यातले १० मिली म्हणजे ०.६ ग्रॅम. माझा टँक १०० लिटरचा, पण दगड-वाळू धरून पाणी ८५ लिटरच बसलं, म्हणून सुई नसलेल्या सिरिंजनं साडेआठ मिली घातले. बाटलीवर मोठ्या अक्षरात "पिऊ नये" लिहून ती कपाटात वर ठेवली. जास्त घालून काम लवकर होत नाही. ५ पीपीएमच्या वर गेलं तर जिवाणूच मंदावतात.

पाणी आरओचं घेतलं. राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, नळाला क्लोरीन मारूनच येतं आणि तो जिवाणूंना मारक. सव्वातीन किलोच्या आसपास समुद्री मीठ रात्रभर पंपावर फिरवून विरघळवलं, १.०२५ घनता येईपर्यंत. जानेवारीत आमच्याकडं पहाटेची थंडी चांगलीच असते आणि थंडीत हे जिवाणू विरजणासारखेच सुस्तावतात. हीटर लावून २६ अंश ठेवलं. लाइट मात्र बंद. खायला भरपूर आणि वर उजेड मिळाला की शेवाळ माजतं.

आता किट. अमोनियासाठी ५ मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८ थेंब, हलवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. पिवळं म्हणजे शून्य, जसजसं हिरवं तसतसं जास्त. नायट्राइटला ५ थेंब, फिक्या निळ्यापासून जांभळ्याकडं जातं. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र अर्धा मिनिट जोरजोरात हलवायलाच हवी, तिच्यात तळाला गाळ बसतो. मग थेंब घातल्यावर नळी पुन्हा एक मिनिट. हे टाळलंत तर नायट्रेट कमी दाखवेल आणि तुम्ही खूश होऊन बसाल.

रंग वाचायला मला माझा धंदा उपयोगी पडला. सुताची शेड जुळवताना लडी ट्यूबलाइटखाली कधी बघत नाही, दारात नेतो. तिथं पिवळा आणि पोपटी एक दिसतात, उन्हात नेलं की वेगळे. नळीचंही तसंच. मी सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत जाते, उन्हाकडं पाठ करते आणि नळी किटमधल्या रंगांच्या कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून बघते. ० आणि ०.२५ यांतला फरक, म्हणजे नुसता पिवळा आणि किंचित हिरवट पिवळा, असाच कळतो. आणि मासा आणायचा की नाही हे त्याच फरकावर ठरतं.

माझ्या वहीतल्या नोंदी सांगते. पहिले दहा दिवस अमोनिया २ वर ढिम्म. मुलगा रोज विचारायचा, बिघडलंय काय? अकराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळी झाक आली आणि आम्ही दोघांनी गॅलरीतच टाळी दिली. सतराव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट मात्र कार्डाच्या शेवटच्या खुणेला, ५ वर. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा साडेआठ मिली, असं चालू ठेवलं. नायट्राइट दोन आठवडे हललंच नाही. बहुतेक जण इथंच कंटाळून मासे आणतात. नायट्राइट उतरायला लागलं एकतिसाव्या दिवशी. अडतिसाव्या दिवशी, आदल्या सकाळी घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत गेलेला आणि नायट्राइटही फिक्कं निळं. टँक तयार झाला म्हणायचं ते याला. एकदाच शून्य दिसलं म्हणजे झालं असं नाही. घातलेलं एका दिवसात पचलं पाहिजे.

नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटची तपासणी करू नका, आकडा उगाच फुगून येतो. मी शेवटी केली. एकूण पाच वेळा २ पीपीएम घातलं होतं, त्याचं नायट्रेट ३५ च्या आसपास व्हायला हवं. कार्डावर ४० च्या लालाशी जुळलं. अर्धं पाणी बदललं, मग क्लाउनची जोडी आणली.

मध्ये एकदा पाच तास वीज गेली. माग थांबले की घर एकदम गप्प होतं, आणि त्या शांततेत वरचा पंपही थांबलाय हे लक्षात आलं. हे जिवाणू हवेवर जगतात. बॅटरीवरचा छोटा एअर पंप तेव्हापासून टँकशेजारीच असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्याशिवाय खारा टँक ठेवू नये.

आता बाटलीत विकत मिळणाऱ्या जिवाणूंबद्दल. निपाणीच्या माझ्या दिरानं नवसागर आणि बाटली दोन्ही वापरून सोळा दिवसांत टँक तयार केला. घाई असेल तर घ्या. पण हे जिवाणू बीजासारखे वाळून टिकून राहत नाहीत, उन्हात तापले की मरतात. त्याची पहिली बाटली एप्रिलात कुरियरनं आली होती, तिनं काहीच झालं नाही. तारीख बघा, थंडीत मागवा, आणि बाटली ओतली तरी किटनं तपासा.

कुणी सांगेल, मालवणला जाताय तर समुद्रातला एखादा दगड घेऊन या, जिवाणू आयते मिळतील. तसं करू नका. दगड घडवणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं. कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यातला एखादा दगड किंवा फिल्टरचा स्पंज मागून घ्या, ओलाच आणा. त्यासारखं विरजण नाही.

आणि ज्यांच्या नव्या टँकमध्ये आधीच मासे आहेत त्यांनी घाबरू नका. रोज अमोनिया तपासा. ०.५ दिसला की त्याच दिवशी तितक्याच खाऱ्या, तितक्याच कोमट पाण्यानं पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. नायट्राइटची चिंता थोडी कमी करा. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळं ते माशाच्या रक्तात सहज शिरत नाही. जीव घेतो तो अमोनिया.

पहिल्या टँकमधला तो तिसरा डॅमसेल आता निपाणीला दिराकडं आहे. आमच्याकडं असताना तो कुणालाच थारा देईना. त्याला पकडायला सगळे दगड काढावे लागले, पाणी निम्म्यावर आणावं लागलं. मुलानं बादलीवर ओला टॉवेल टाकला आणि निपाणीपर्यंत गाडीत ती मांडीत धरून बसला.