जुने कॅमेरे घेताना माझी फसवणूक झाली, ती अशी

गेल्या वर्षी त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे तीन वाजता मी पंचगंगा घाटावर जागा धरून बसलो होतो. दोन ट्रायपॉड, दोन कॅमेरे, खिशात छोटा टॉर्च. पणत्या लागत गेल्या, दगडी पायऱ्या एकेक करून उजळल्या आणि पाण्यात उजेडाच्या रेघा हलू लागल्या. मला हे दृश्य मोबाइलवर नको होतं. दहा-वीस सेकंद शटर उघडं ठेवलं की पाणी सायीसारखं सपाट दिसतं, चालती माणसं पुसली जातात आणि नुसता दिव्यांचा घाट उरतो. तो मला फिल्मवर हवा होता. त्यासाठी मी २८,५०० रुपये मोजले होते. घाटावरून परतलो तेव्हा हातात एकही फोटो नव्हता.

कोल्हापुरात जुन्या कॅमेऱ्यांचं वेड असलेली बरीच मंडळी आहेत. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावात ते असणारच. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, लहानपणी वडिलांबरोबर मी ते कितीदा पाहिलंय. त्यामुळे जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्या एकाची जाहिरात दिसली तेव्हा मला आनंदच झाला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रकरण अजून पोलिसांकडे आहे. पण त्यानं जे केलं ते सगळं सांगतो. तीच पद्धत वापरणारे आणखीही असतील.

हिशेब असा होता. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन ९,००० रुपये. पोलरॉइड २५०, म्हणजे घडी उलगडली की पुढे भाता येतो आणि कागदावरचा फोटो तिथल्या तिथे हातात मिळतो तो, ७,५०० रुपये. आणि त्या पोलरॉइडसाठी फुजीच्या एफपी-१००सी फिल्मचे दोन पॅक, प्रत्येकी ६,००० रुपये. ५,००० आधी यूपीआयनं आणि बाकीचे रोख. पावती मागितली तर म्हणाला, "भावा, जुन्या मालाला कुठली पावती? माझा शब्द हाय की." मी गप्प बसलो. ती माझी पहिली चूक.

महाद्वार रोडजवळच्या एका चहाच्या टपरीवर त्यानं माल दाखवला. याशिकाचं शटर माझ्या कानाजवळ धरून दोन-तीनदा वाजवलं. दुपारची वेळ होती. या कॅमेऱ्यावर वरच्या बाजूला दोन छोटे दिवे असतात. पिवळा लागला तर शटर जास्त वेळ उघडं राहणार आहे, ट्रायपॉड लावा. लाल लागला तर उजेड जास्त आहे. दोन्हीपैकी एकही लागत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "सेल नवा घातलाय. दिव्यांचे बल्ब गेलेत, जुनं मॉडेल हाय, शटरचा त्याच्याशी काय संबंध न्हाय."

हे वाक्य धादांत खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं. याशिका इलेक्ट्रोचं शटर विजेवर चालतं. अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक किती उघडायचं ते) आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो, अंधारात अगदी तीस सेकंदांपर्यंत. दिवे त्याच सर्किटवर असतात. वीज पोहोचत नसेल तर शटर वाजतं, पण दर वेळी एकाच गतीनं, सेकंदाच्या पाचशेव्या भागात. भर दुपारी त्यानं रस्त्यावरचे फोटो कसेबसे येतीलही. रात्री काहीच येणार नाही. म्हणजे दिवसा दाखवलेला कॅमेरा आणि रात्री वापरायचा कॅमेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि त्यानं दाखवायची वेळ नेमकी दुपारची निवडली होती.

मग त्यानं पाकिटातून एक फोटो काढला. रात्रीचा रंकाळा, पाण्यात दिव्यांच्या रेघा. "याच पोलरॉइडवर काढलाय, याच फिल्मवर." त्या फोटोनं माझा निर्णय झाला. आज तो डोळ्यांसमोर आणला की मला स्वतःचा राग येतो. त्या फोटोच्या तीन बाजूंना बारीक पांढरी कड होती आणि खाली जाड पट्टी. एफपी-१००सी ही सोलून काढायची फिल्म. कॅमेऱ्यातून पान ओढायचं, ओढताना रोलरमध्ये रसायनाची पुडी फुटून पसरते, मग दीड-दोन मिनिटं थांबून वरचा कागद सोलायचा. तिच्या फोटोला खाली जाड पट्टी नसते. जाड पट्टी असते ती आपोआप बाहेर येणाऱ्या फिल्मला, कारण रसायनाची पुडी तिथेच दडवलेली असते. तो फोटो इन्स्टॅक्स वाइड या तसल्या फिल्मचा होता. ती फिल्म आजही दुकानात मिळते, पण या पोलरॉइडमध्ये बसतच नाही.

फिल्मच्या डब्यावर मुदतीच्या जागी स्टिकर होता, २०२५ चा. एफपी-१००सी बंद करत असल्याचं फुजीनं २०१६ मध्येच जाहीर केलं. पोलरॉइडनं आपली फिल्म त्याआधीच, २००८ मध्ये बंद केली होती. २०१६ मध्ये थांबलेल्या फिल्मला २०२५ ची मुदत असूच शकत नाही. हे सगळं पाच मिनिटांत शोधता आलं असतं. मी शोधलं नाही, कारण दीपोत्सव दहा दिवसांवर आला होता, आणि त्याला ते माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

घाटावर पहिलं पान ओढलं तेव्हाच काहीतरी विचित्र वाटलं. पॅक बसवला की आधी वरचा काळा कागद ओढून काढायचा असतो. त्याच्या टोकाला सेलोटेपचा तुकडा होता. कंपनीनंच लावला असेल म्हणून सोडून दिलं. शटरचं बटण दाबून धरलं. या कॅमेऱ्यात शटर बंद झाल्याचा दुसरा आवाज येईपर्यंत बोट काढायचं नसतं. आठ सेकंदांनी 'टिक' झालं. पान ओढलं. थंडी होती म्हणून तीन मिनिटं थांबलो आणि टॉर्चच्या उजेडात कागद सोलला.

पांढरा. दुधाळ पांढरा, आणि कडेला तपकिरी डाग, जिथे रसायन पोहोचलंच नव्हतं.

वाटलं, उजेड जास्त झाला. कडी 'डार्क'कडे फिरवली. दुसरा पांढरा. तिसरा पांढरा. शेजारी रांगोळी घालणाऱ्या मुली थांबून बघत होत्या, त्यातल्या एकीनं विचारलं, "दादा, फोटो दिसायला किती वेळ लागतो?" मला उत्तर देता आलं नाही. दहाच्या दहा पानं संपली. याशिकावर मात्र माझा भरवसा होता. केबल रिलीज (बटणाला जोडायची तार) दाबून धरायचो, मनात वीस आकडे मोजायचो, सोडायचो. तिचं शटर इतक्या बारीक आवाजात वाजतं की गर्दीच्या आवाजात ते केव्हाच मिटलंय हे मला कळलं नाही. घरी येऊन ट्राय-एक्सचा, म्हणजे कोडॅकच्या कृष्णधवल फिल्मचा, तो रोल डी-७६ या रसायनात धुतला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम काचेसारख्या कोऱ्या.

त्याला फोन केला. ओरडेल, टाळेल असं वाटलं होतं. उलट तो फार शांतपणे बोलला. म्हणाला, "भावा, रात्रीचं काम हाय, रेसिप्रोसिटी फेल होती. फिल्म लांब वेळात मंदावती. वेळ वाढव, दुप्पट न्हाय, चौपट कर."

इथे मी खरा फसलो, कारण हे खरं आहे. फिल्मवर कमी उजेड फार वेळ पडला तर ती हिशेबाप्रमाणे तो साठवत नाही. ट्राय-एक्सला उजेड मोजणारा मीटर दहा सेकंद सांगत असेल तर कोडॅकच्या तक्त्याप्रमाणे पन्नास सेकंद द्यावे लागतात, आणि शंभर सांगत असेल तर तब्बल १,२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. फुजीच्या अ‍ॅक्रॉस फिल्मला मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही. मी वाचत गेलो, सगळं जुळत गेलं, आणि या माणसाला एवढं कळतं म्हणजे माल चांगलाच असणार, चूक माझीच, असं मी मान्य करून टाकलं. पंधरा दिवसांनी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसून, कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या सेन्सरवर काळी पट्टी लावून, बटण तीस-तीस सेकंद दाबून धरत दुसरा पॅकही संपवला. पुन्हा दहा पांढरे.

मंगळवार पेठेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता, आता बंद आहे. वीस पांढरे कागद आणि तो कोरा रोल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि रेसिप्रोसिटीची सगळी कथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग एक कागद उचलून म्हणाले, "बाळ, हा फोटो थेट कागदावर उमटतो ना? मग उजेड कमी पडला असता तर हा काळा आला असता. हा पांढरा आहे."

एवढंच बोलले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेसिप्रोसिटीनं फोटो अंधारतो, पांढरा पडत नाही. त्यानं दिलेली सबब उलट्या दिशेची होती आणि मी तिच्याप्रमाणे आणखी उजेड देत बसलो होतो. ही पानं माझ्या कॅमेऱ्यात येण्याआधीच उजेडात आली होती.

काकांनी मग रिकामा पॅक मागितला. त्याच्या प्लास्टिकच्या कडेला स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्याचे ओरखडे होते. चांदीची पिशवी मी टाकली नव्हती, तीही दाखवली. तिच्या एका टोकाला कंपनीचं सपाट सील आणि दुसऱ्या टोकाला बारीक खाचांची रेघ. फरसाणाच्या दुकानात पिशवी चिकटवतात त्या मशीनची. काकांचा अंदाज असा की मुदत संपलेल्या, अर्धवट वापरलेल्या पॅकांतली पानं उजेडातच जुळवून भरली आणि पिशवी पुन्हा चिकटवली. पुड्यांतलं रसायनही वाळलेलं होतं, म्हणून ते तपकिरी डाग.

रोल त्यांनी ट्यूबलाइटला धरला. कडेचे आकडे आणि अक्षरं काळी ठसठशीत होती. "धुण्यात चूक नाही. उजेडच आत गेला नाही." याशिकाची मागची झडप उघडली, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, कॅमेरा कपाटाच्या अंधाराकडे वळवला आणि बटण दाबलं. मागून भिंगाकडे बघत होतो. निमिषभर चमक आणि अंधार. चालू कॅमेऱ्यात तिथे कितीतरी सेकंद गोल उघडं भोक दिसायला हवं होतं. सेलच्या खोबणीत बोट घातलं तर हिरवी बुरशी हाताला लागली. आतली तार तुटली होती आणि जागेवर दिसावी म्हणून डिंकानं चिकटवली होती. ती डिंकाची गाठ बघितली तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली की हे नजरचुकीनं झालेलं नाही. कुणीतरी बसून, चष्मा लावून, हे काम केलं होतं.

पोलरॉइडचा कॅमेरा तेवढा नीट आहे, हे सांगायला हवं. पण फिल्म मिळत नसलेला कॅमेरा कपाटात ठेवण्यापुरताच. "फिल्म पाहिजे तेवढी मिळेल, मी हाय की," असं तो म्हणाला होता.

पुन्हा फोन केला, पांढऱ्या-काळ्याचा मुद्दा मांडला. पलीकडे क्षणभर शांतता, मग फोन कट. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पुरावा म्हणून हातात फक्त ५,००० चा यूपीआय व्यवहार, बाकी रोख, पावती नाही. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात आलं की लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा असतो. मी दीड महिना 'चूक माझीच' म्हणून घालवला होता.

जुना फिल्म कॅमेरा घ्यायला जाणार असाल तर संध्याकाळनंतर जा. सेल स्वतःचा न्या. याशिकाचा मूळ ५.६ व्होल्टचा पारा असलेला सेल आता बनत नाही, पण सहा व्होल्टचा साधा सेल अ‍ॅडॉप्टर लावून चालतो. मला उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं पितळेचा अ‍ॅडॉप्टर अर्ध्या तासात करून दिला. फिल्म खेचायचा दांडा ओढताना चांगल्या इलेक्ट्रोमध्ये 'टक्' असा जाड आवाज येतो. तो आला नाही तर आतला रबराचा तुकडा झिजून गेलाय असं समजा. झडप उघडून, अंधाराकडे धरून, मागून बघा. विकणारा "दिवे गेलेत" म्हणाला तर उठून या. सोलायच्या फिल्मचा सीलबंद पॅक म्हणून कुणी दिला तर दोन्ही टोकांचं सील सारखं आहे का, बघा. आणि याच कॅमेऱ्यावर काढलेला म्हणून फोटो दाखवला तर त्याच्या कडा बघा.

याशिका मी तार जोडून दुरुस्त करून घेतली. आता अंधारात पिवळा दिवा लागतो.

गेल्या रविवारी नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, खाली तोच रात्रीचा रंकाळा, तीच खालची जाड पट्टी, आणि सोबत मजकूर: "फ्रीजमध्ये जपलेले शेवटचे दोन पॅक."