ब्लेंड की नुसती शिराझ?

रविवारी टिळकवाडीत भावाच्या गच्चीवर दोन रेड वाइन उघडल्या. एक कृष्णाकाठच्या नव्या वायनरीची, कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन द्राक्षजातींचं ब्लेंड, म्हणजे मिश्रण. दुसरी नाशिककडची नुसती शिराझ.

शिराझ पहिल्या घोटालाच पटली. काळी मिरी, पिकलं जांभूळ, तुरटपणा बेताचा. तांबडा रस्सा असेल तर हीच घ्या.

ब्लेंडनं मात्र तोंड आवळलं, अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. वहिनी म्हणाली, "काढा आहे की काय?" कॅबरनेची साल जाड, बियांतही टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर, तिखटाबरोबर तर घसाच पेटतो. शिवाय आमचीही चूक होतीच. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ते 16 ते 18 अंशांचं. बेळगावच्या एप्रिलचं नव्हे! मग जगमध्ये ओतून जग वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला, नंतर थोडा वेळ बाहेर. तुरटपणा निवला, मागून सुक्या मनुकांचा वास आला आणि चव शिराझपेक्षा जास्त वेळ रेंगाळली. कमी तिखटाच्या, चरबीदार सुक्या मटणाला हीच शोभते.

आज लगेच प्यायची तर शिराझ. ब्लेंडची दुसरी बाटली मी मुरायला वर्षभर आडवी ठेवणार आहे.

कुंदा मात्र दोन्हींबरोबर नको. त्या गोडावर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन निव्वळ आंबट लागते.