रेडिओवरचा प्रँक कॉल : माल स्वस्त, बिल भलत्याच्याच नावावर

रेडिओ स्टेशनला प्रँक कॉलइतका स्वस्त कार्यक्रम दुसरा नाही. एक फोनलाइन, सोंग वठवता येणारा एक निवेदक आणि थोडं एडिटिंग, एवढ्यावर चार मिनिटांचा मजकूर तयार होतो. मानधनाचा प्रश्नच येत नाही, कारण पलीकडच्याला आपण कार्यक्रमात आहोत याचा पत्ता नसतो. ऐन रंगात कॉल तोडून जाहिराती लावल्या की श्रोता त्याही निमूट ऐकून घेतो. धंदा म्हणून बेत चोख आहे. हे परीक्षण मात्र फोन उचलणाऱ्याच्या बाजूने केलं आहे, त्यामुळे विनोद कितपत जमतो याला इथे फारसे गुण नाहीत.

हा माल ढोबळमानाने चार प्रकारांत मिळतो. थेट प्रक्षेपणात केलेला कॉल. आधी रेकॉर्ड करून मग लावलेला कॉल. यात बकऱ्याचा नंबर बहुधा त्याच्याच मित्राने किंवा बायकोने कळवलेला असतो. बड्या असामीच्या नावाने दुसऱ्या बड्या असामीला केलेला कॉल. आणि दोन्ही टोकांना कलाकारच बोलत असतात तो बसवलेला कॉल. मोबाइलवरची प्रँक ॲप्स हे त्यांचंच धाकटं भावंड.

सगळ्यात महागात पडलेला नमुना आधी घेऊ, कारण या प्रकाराचे जवळजवळ सगळे कच्चे दुवे त्यात दिसतात. डिसेंबर २०१२. केंब्रिजची डचेस केट गरोदरपणातल्या तीव्र उलट्यांमुळे लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ हॉस्पिटलमध्ये दाखल होती. ४ डिसेंबरला, लंडनच्या घड्याळात पहाटेचे साडेपाच वाजले असताना, सिडनीच्या टूडे एफएम या रेडिओ स्टेशनवरच्या दोघा निवेदकांनी तिथे फोन लावला. एकीने राणी एलिझाबेथचं सोंग घेतलं होतं, दुसऱ्याने प्रिन्स चार्ल्सचं. त्या वेळी रिसेप्शनवर कोणी नव्हतं. फोन एका परिचारिकेने उचलला आणि ड्यूटीवरच्या दुसऱ्या परिचारिकेला जोडून दिला. तिने रुग्णाची तब्येत कशी आहे ते सांगितलं. कॉल रेकॉर्ड झाला होता. स्टेशनने तो आपल्या अंतर्गत तपासणीतून पास केला, काही तासांत लावला आणि पाठोपाठ तो जगभर वाजला. ७ डिसेंबरला फोन जोडून देणारी परिचारिका मृतावस्थेत आढळली. २०१४ साली झालेल्या चौकशीत तो मृत्यू आत्महत्या ठरला.

आत्महत्येला एकच एक कारण चिकटवणं चूक आहे, आणि असा शेवट स्टुडिओतल्या कोणाला दिसला नसता हेही खरं. पण तिथवर पोहोचण्याआधीचं पुष्कळ काही दिसण्यासारखं होतं. रुग्णाची माहिती फुटली तर जाब कोणाला विचारला जातो? राणीला कोणी विचारत नाही, निवेदकाला फार तर माफी मागावी लागते, आणि नोंदवहीत नाव चढतं ते फोन घेणारीचं. निवेदकांनी नंतर जाहीरपणे सांगितलं, की आपली सोंगं इतकी कच्ची होती की पलीकडून लगेच फोन ठेवतील असंच त्यांना वाटलं होतं. म्हणजे विनोदाची सारी भिस्त समोरचा फोन ठेवेल यावर होती.

कामावरच्या माणसाला फोन ठेवण्याची मुभा नसते. रुग्णालयातली नर्स असो, हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा असो की कॉल सेंटरमधली मुलगी, समोरच्याचं सौजन्याने ऐकून घेणं हाच त्यांच्या पगाराचा भाग. संशय आला तरी मनात हिशेब चालतो, की खरोखरच बडी असामी निघाली तर? त्यापेक्षा वरच्याकडे जोडून दिलेलं बरं. बड्या माणसाला गाठायला केलेला फोन वाटेत सगळ्यात खालच्या पायरीवर अडखळतो तो असा. आमच्या लेखी हा उपप्रकार, म्हणजे ड्यूटीवरच्या तिऱ्हाइताला फसवून केलेला कॉल, सुधारण्याच्या पलीकडचा आहे. शून्य गुण.

त्याच प्रकरणात संमतीचा मुद्दाही लख्ख दिसतो. प्रक्षेपणाआधी रुग्णालयाशी पाच वेळा संपर्क साधायचा प्रयत्न केला, असं स्टेशनच्या मालक कंपनीचं म्हणणं होतं. व्यवस्थापनातल्या किंवा माध्यम विभागातल्या कोणाशीही कोणी बोललं नाही, असं रुग्णालयाचं. कोणाचंही खरं धरलं तरी संमती मिळालेली नव्हती, आणि प्रयत्न केल्याने ती मिळत नसते. ऑस्ट्रेलियाच्या प्रक्षेपण नियामकाने, एसीएमएने, ठपका ठेवला तो परवान्यातल्या एका अटीवर बोट ठेवून : प्रक्षेपणसेवा गुन्हा करण्यासाठी वापरायची नाही, आणि न्यू साउथ वेल्समध्ये खासगी संभाषण विनापरवानगी रेकॉर्ड करून प्रसारित करणं हा गुन्हा आहे. गुन्हा झाला की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण, ते काम फौजदारी न्यायालयाचं, असा स्टेशनचा युक्तिवाद होता. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि मार्च २०१५ मध्ये निकाल नियामकाच्या बाजूने लागला. दरम्यान कार्यक्रम बंद झाला होता, दोघा निवेदकांना धमक्या आल्या होत्या आणि कंपनीने त्या कुटुंबासाठीच्या निधीत ५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले होते. कॉल पास करणाऱ्यांची नावं मात्र फारशी कोणाला आठवत नाहीत. लोकांच्या तोंडी राहतो तो आवाज, सही कोणाची होती ते राहत नाही.

मग रेकॉर्ड केलेला कॉल सुरक्षित असतो का? रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण यांच्यामध्ये जो वेळ मिळतो तेवढाच तो सुरक्षित, तोही वापरला तर. ब्रिटनच्या प्रक्षेपण नियामकाचा, ऑफकॉमचा, नियम याबाबत बराच नेमका आहे. मनोरंजनासाठी केलेल्या अशा कॉलने माणसाला लक्षणीय त्रास, मनस्ताप किंवा लाज वाटेल इतकं त्याच्या खासगीपणात घुसायचं नाही, आणि जो ओळखू येतो त्याच्या संमतीशिवाय ते लावायचं नाही. नियम वाचायला सोपा आहे. प्रत्यक्षात गडबड होते ती संमती मागण्याच्या क्षणी.

बहुतेक ठिकाणी निवेदक उलगडा करतो आणि त्याच दमात विचारतो, ‘लावू ना हे?’ दोन मिनिटांपूर्वी आपली नोकरी गेली असं समजलेला माणूस सुटकेच्या भरात हसत असतो. त्या हसण्यात विनोदापेक्षा ‘बरं झालं, खोटं होतं’ हेच जास्त असतं. शिवाय नाही म्हटलं तर आपण रडे ठरू ही भीती. अशी ‘हो’ कागदावर चालते, माणुसकीत चालत नाही. नीट काम करणारी टीम उलगडा त्याच कॉलमध्ये करते, स्टेशनचं नाव आणि रेकॉर्डिंग झाल्याचं सांगते, आणि तिथे थांबते. संमतीचा फोन दुसऱ्या दिवशी जातो, आणि तो निवेदक करत नाही, प्रोड्यूसर करतो, साध्या आवाजात. एडिट केलेली प्रत ऐकवली जाते. प्रक्षेपण, पुनःप्रक्षेपण, पॉडकास्ट आणि सोशल मीडियावरची क्लिप यांची परवानगी वेगवेगळी विचारली जाते, कारण सकाळी एकदा वाजणं आणि नाव शोधलं की वर्षानुवर्षं सापडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉलमध्ये दोन माणसं बोलली असतील तर दोघांची संमती लागते. फोन मध्येच दुसऱ्याकडे गेला असेल तर पहिल्याला सगळे विसरतात. लंडनच्या प्रकरणात पहिलीच गेली. ‘नाही’ आलं तर फाइल पुसायची. ‘नंतर कधीतरी विचारू’ म्हणून ठेवलेली फाइल पाहुणा निर्माता आला की हमखास वाजते.

तांत्रिक बाजूवर स्टेशनं फार भरवसा ठेवतात. थेट प्रक्षेपणात आवाज काही सेकंद उशिरा सोडणारा डिले असतो आणि तेवढ्यात नको तो भाग गाळायला डंपचं बटण असतं. त्याने श्रोत्याच्या कानावर शिवी जायची वाचते, फोनवरच्या माणसाला बसायचा तो धक्का बसलेलाच असतो. ओळख लपवण्यासाठी नावावर बीप टाकतात, पण तो एकाच ट्रॅकवर पडतो. टेलिफोन हायब्रिड, म्हणजे स्टुडिओ आणि फोनलाइन जोडणारं उपकरण, नीट जुळवलेला नसेल तर निवेदकाचा आवाज पलीकडच्याच्या ट्रॅकवरही पुसट झिरपतो, आणि त्याने घेतलेलं नाव बीपखालून ऐकू येतं. आवाजाची पट्टी सरसकट वर-खाली करणं हा तर लुटुपुटीचा बंदोबस्त आहे. तेवढीच पट्टी उलट फिरवली की आवाज बऱ्यापैकी परत येतो. आणि न फिरवताही बोलण्याची लय, ठरावीक शब्द, दुकानाचा उल्लेख एवढ्यावरून शेजारपाजार ओळखतो. अनोळखी लाखो श्रोत्यांपासून लपवून उपयोग नाही; ओळखीच्या वीस जणांपासून लपलं तरच ते लपणं.

आधी रेकॉर्ड केलं म्हणून निभावलं असंही नाही, याचा दाखला बीबीसीचा. ऑक्टोबर २००८ मध्ये रेडिओ टूवर निवेदक रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस यांनी अभिनेते अँड्र्यू सॅक्स यांच्या आन्सरिंग मशीनवर त्यांच्या नातीबद्दल अश्लाघ्य निरोप ठेवले. कार्यक्रम आधी रेकॉर्ड केलेला होता, म्हणजे थांबवायला वेळ हाताशी होता. तरी तो गेला. प्रक्षेपणानंतर लगेच आलेल्या तक्रारी होत्या दोन. वर्तमानपत्राने बातमी केल्यावर त्या हजारोंच्या घरात गेल्या. ब्रँड आणि रेडिओ टूच्या प्रमुख दोघांनीही पद सोडलं, रॉसना १२ आठवडे बिनपगारी बसवलं गेलं आणि ऑफकॉमने बीबीसीला दीड लाख पौंड दंड केला. तक्रारी कमी आल्या म्हणजे कॉल निर्धोक होता, हा स्टेशनांचा आवडता हिशेब इथेच बाद होतो. आणखी एक बारकावा : आन्सरिंग मशीनवर उलगडा करताच येत नाही. निरोप ऐकणारा एकटा असतो, आणि ‘अहो, गंमत होती’ म्हणणारं कोणी लाइनवर नसतं. मशीन लागलं तर फोन ठेवून द्यावा, हा नियम लेखी असायला हवा.

सत्ताधाऱ्यांना केलेल्या कॉलला आम्ही थोडे जास्त गुण देऊ. १९९५ मध्ये कॅनडातून वेगळं व्हायचं का यावरच्या क्यूबेक प्रांताच्या सार्वमताच्या तोंडावर मॉन्ट्रियलचा रेडिओ निवेदक पियेर ब्रासार याने कॅनडाचे पंतप्रधान क्रेतियें यांच्या नावाने खुद्द राणी एलिझाबेथला बोलतं केलं. २००८ मध्ये त्याच शहरातल्या जोडगोळीने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी बनून अमेरिकेतल्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांना गाठलं. इथे समोरच्याकडे माहिती तपासणारा लवाजमा असतो, त्यामुळे फसगत झाली तर ती व्यवस्थेची परीक्षा ठरते, आणि ती लोकांना कळण्यात हशील आहे. पण नियम बड्यांनाही लागू असतो. मायामीच्या एका स्टेशनने २००३ मध्ये क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोंना फसवलं, तेव्हा अमेरिकेच्या प्रक्षेपण नियामकाने, एफसीसीने, ४००० डॉलर दंड लावला. फोन प्रक्षेपित करणार असाल, मग थेट असो वा रेकॉर्ड करून, समोरच्याला आधी सांगा, एवढाच तिथला नियम. समोर कॅस्ट्रो आहे म्हणून त्यात सूट मिळाली नाही. आणि बड्या माणसाचा फोनही आधी कोणीतरी सचिव घेतो, हे विसरायचं नाही. वोवान आणि लेक्सस या प्रँक करणाऱ्या रशियन जोडीचे युक्रेन युद्धाच्या काळात ब्रिटिश मंत्र्यांना केलेले कॉल पाहिले की विनोद कुठे संपतो आणि प्रचार कुठे सुरू होतो, ते सांगणं अवघड होतं.

मित्राने सुचवलेल्या कॉलचं दुखणं वेगळंच. तिथे कच्चा माल म्हणजे आतली माहिती : थकलेला हप्ता, अर्ज केलेली नोकरी, रिपोर्टची वाट पाहणं. ती देणाऱ्याची संमती असते, ज्याची माहिती आहे त्याची नसते. आजारपण, अपघात, पोलीस, नोकरी जाणं आणि मूल हरवणं हे पाच विषय बाद केले तर हा प्रकार सुसह्य होतो. कॉल सुरू होताच ‘गाडी चालवताय का?’ हे विचारणं सोंगातच बसवता येतं. हो म्हणाला तर कॉल तिथेच संपवायचा. फोन लहान मुलाने उचलला तरी तेच. रडू, धाप किंवा लांबलेली शांतता ऐकू आली की लगेच उलगडा करायचा. शांतता म्हणजे माणूस विनोदात रंगला, असं समजणारे निवेदक या कामाला नालायक.

बसवलेले कॉल, ‘हे नाट्यरूपांतर आहे’ असं सांगून लावले, तर आमची काहीच तक्रार नाही. या यादीत तेच पहिले. न सांगता लावले तर बकरा बदलतो एवढंच, तो श्रोता होतो.

ॲप्सवर फार वेळ घालवण्यासारखं नाही. ठरीव संवाद, आवाजाची ठरावीक गती, आणि समोरचा काय बोलतो त्याचा पत्ता नसलेलं यंत्र. उलगडा करणारा माणूसच लाइनवर नसतो, म्हणजे आन्सरिंग मशीनचीच गोष्ट, फक्त टोकं उलटी. खोटा नंबर दाखवून इजा किंवा फसवणूक करणं अमेरिकेत बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गोपनीय संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते. जबाबदारी ॲपच्या अटींमध्ये तुमच्याच गळ्यात घातलेली असते, ‘मी स्वीकारतो’वर बोट ठेवण्याआधी ते कलम वाचा.

स्वतःच बकरा झाला असाल तर प्रक्षेपणाची तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि संमती कोणी, कोणत्या शब्दांत मागितली ते त्याच दिवशी लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये अन्याय्य वागणूक किंवा खासगीपणाच्या भंगाची तक्रार ऑफकॉमकडे प्रक्षेपणानंतर २० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते. इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत, पण मुदत असतेच. स्टेशनला पत्र लिहिताना नुसतं ‘क्लिप काढा’ लिहू नका; तेवढ्यावर वेबसाइटवरची प्रत जाते आणि बाकीच्या राहतात. मूळ रेकॉर्डिंग, एडिट केलेली प्रत, पॉडकास्टचा भाग, सोशल मीडियावरच्या पोस्ट आणि भागीदार स्टेशनांना पाठवलेल्या प्रती, असं एकेक नाव घेऊन मागणी करा आणि प्रत्येकीचं लेखी उत्तर मागा.