समोर दळून घेतलेलं हिंग्वाष्टक

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात हिंग्वाष्टक, म्हणजे हिंगासह आठ जिन्नसांचं पाचक चूर्ण, दोन तऱ्हेनं मिळतं: तयार पुडी, नाहीतर आठही जिन्नस समोर तोलून, दळून. दुसरं महाग पडतं, पण तेच घ्यावं. तयार पुडीत मीठ किती हे कळायला मार्ग नसतो, आणि आठांत स्वस्त जिन्नस तोच.

सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव, हिंग. प्रत्येकी 10 ग्रॅम. आयुर्वेदातल्या मूळ पाठात ओव्याच्या जागी अजमोदा (ओव्यासारखंच एक बी) आहे. मागितला तर इथे तोही देतात. पिंपळी मात्र मोडून बघा. चांगली असेल तर तुकडा जिभेवर ठेवताच चुणचुण सुरू होते. आतून पोखरलेली असेल तर नुसता भुसा पडतो.

खरी गोम हिंगात. दुकानदार देतो तो बांधानी हिंग, म्हणजे डिंक आणि पीठ घालून सौम्य केलेला. शुद्ध हिरा हिंग समभाग घातला तर चूर्ण तोंडात धरवणार नाही, तेव्हा बांधानी चालेल. फक्त त्यातलं पीठ बहुधा गव्हाचं असतं. गहू वर्ज्य असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. दुकानात हिंग कच्चाच चक्कीत टाकतात, आणि इथेच माल बिघडतो. चिकट हिंग पात्याला धरतो, चूर्णात गोळ्या राहतात, कच्च्या हिंगाचा उग्रपणा घशाशी येतो. हिंग वेगळा बांधून आणावा. घरी चमचाभर तुपात मंद आचेवर लाहीसारखा फुलवावा, गार झाल्यावर बोटांनी चुरावा आणि मग मिसळावा. काळा पडला तर कडू लागतो, तो टाकून द्यायचा.

दुसरी तक्रार चक्कीची. तिच्यावर आधी मिरच्या दळलेल्या असतील तर पहिली मूठभर भुकटी बाजूला काढायला सांगा. शिवाय दळलेलं गरम चूर्ण लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात. वाफ आत कोंडते, सैंधव ओल धरतं, दोन दिवसांत ढेकळं. कागदावर पसरून गार होऊ द्या, मग वस्त्रगाळ करून काचेच्या बाटलीत भरा.

घ्यायची रीत आयुर्वेदाचार्य वाग्भटानं अष्टांगहृदय या ग्रंथात सांगून ठेवली आहे: पहिल्या घासाबरोबर, तुपात कालवून. आपल्याकडे ‘वदनी कवळ’ म्हणून जेवणाला यज्ञकर्म मानतात. या रीतीत पोटातल्या अग्नीला पहिली आहुती हिंग-तुपाची. जेवण झाल्यावर पाण्यातून घेण्याची सवय सर्रास दिसते, ती या पाठातली नव्हे. हा श्लोक गुल्माच्या चिकित्सेत येतो. गुल्म म्हणजे पोटातला गोळा. मराठीत भीतीनंही पोटात गोळाच येतो, ही काही नुसती भाषेची गंमत नाही. चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे बेतानं खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, असं चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे. आतड्याला स्वतःचं मज्जाजाळं असतं आणि मनावरचा ताण त्याच्या हालचालीत उतरतो, हे आजचं शरीरशास्त्रही सांगतं. म्हणून काळजीनं फुगलेल्या पोटावर हे चूर्ण अर्धंच काम करील.

पावटा, हरभऱ्याची उसळ, पिठलं यांनी धरलेल्या गॅसला हे योग्य. बद्धकोष्ठाला नव्हे. छातीत जळजळ, वाढलेला रक्तदाब, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वैद्याला विचारल्याशिवाय नको. एका वेळी दीड ग्रॅम धरला आणि दोन्ही जेवणांना घेतलं, तर 80 ग्रॅम एका माणसाला पावणेचार आठवडे पुरतं. त्याहून जास्त दळून ठेवू नये, वास उडतो.

तोलाई चोख, जिन्नस ताजे, दळण बेफिकीर. ‘हिंग वेगळा बांधा’ हे तोलतानाच सांगा. चक्की सुरू झाल्यावर सांगून उपयोग नाही.