कयाक कोणती घ्यावी: टणक प्लास्टिकची की हवा भरायची?

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. दोन्ही वापरून झाल्यात माझ्या. आधी टणक प्लास्टिकची घेतली, बारा फुटी, दोघांची, नारिंगी. तीन हिवाळे चालवली आणि विकली. आता दोन वर्षं हवा भरायची वापरतोय. कोणी विचारलं की मी सुरुवात मात्र प्लास्टिकचीच बाजू घेऊन करतो, कारण पाण्यात तीच सरस आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पैठणला नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, पाणी भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं आणि मध्ये वाऱ्याला आडवं यायला काही नाही. पहाटे तेलासारखं शांत असलेलं पाणी दहा-साडेदहाला उसळायला लागतं. प्लास्टिकची कयाक तेव्हा लाट कापत जाते. हवेची लाटेवर बसते, डुलते आणि जरा वल्हं थांबलं की तोंड फिरवते. तिच्या तळाला एक पात लावायची असते, तिच्यामुळे ती सरळ चालते. एकदा मी ती पात घरीच विसरलो. अर्धा तास जागच्या जागी गिरक्या. शेजारून एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून, दोन हातांत दोन फळ्या घेऊन निघून गेला. हसला नाही, ते त्याचं मोठेपण.

काट्यांचं सगळेच विचारतात. आपल्याकडे धरणाच्या काठाला वेडी बाभूळ आहेच, भीती रास्त आहे. पण दोन वर्षांत माझी एकदाच पंक्चर झाली आणि तीही काट्याने नाही. शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप पाण्यात गेलेले असतात, त्यातल्या एकाच्या क्लॅम्पला घासली. पॅच लावला, रात्रभर दाबून ठेवला, अजून टिकून आहे. खरी काळजी उन्हाची. एप्रिल-मेमध्ये भरलेली कयाक काठावर ठेवून जेवायला बसलात तर आतली हवा फुगते आणि शिवण उसवू शकते. काठावर घेतली की आधी थोडी हवा सोडायची, परत उतरताना दोन पंप मारायचे. प्लास्टिकचीला असले लाड लागत नाहीत. तिला खरवडा, आपटा, दगडावरून ओढा.

धुण्या-वाळवण्यातही हवेची त्रास देते. आपली काळी माती घड्यांमध्ये जाऊन बसते आणि ओली घडी केली तर चार दिवसांनी पिशवी उघडताना घरातले खिडक्या उघडतात. गच्ची असेल तरच हा उद्योग करावा.

इतकं सगळं असून मी प्लास्टिकची विकली, त्याचं कारण पाण्यात नाही, काठावर आहे.

नाथसागर बशीसारखा उथळ. पाणी हातभर उतरलं की काठ लांबच लांब मागे सरकतो. दिवाळीत जिथे गाडीतून उतरून चपला काढल्या की पाय पाण्यात, तिथेच फेब्रुवारीत गाळपेराचा, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला, हरभरा उभा असतो. मग बांधाबांधाने जायचं, पुढे भेगाळलेली जमीन, शेवटची पन्नास पावलं चिखल. त्यात पाय पोटरीपर्यंत जातो आणि चप्पल आतच राहते. तीस-बत्तीस किलोचं ते नारिंगी धूड एकट्याने न्यायचं म्हणजे ओढत न्यायचं, आणि हरभऱ्यातून ओढता येत नाही. "ओ साहेब, बांधावरून घ्या!" ही हाक मी दोनदा ऐकलीय, दोन्ही वेळा चूक माझीच होती.

म्हणून दुसरा माणूस लागतो. गाडीच्या टपावर चढवायला, उतरवायला, खांद्यावर न्यायला. माझा दुसरा माणूस म्हणजे मेहुणा. एका सकाळी आम्ही दोघं ती ताडपत्रीत गुंडाळून खांद्यावर घेऊन निघालो तर समोरून येणारे एक म्हातारबा टोपी काढून बांधाखाली उतरून उभे राहिले. जवळ गेल्यावर खुलासा झाला, त्यांनीच मग पुढचं टोक धरलं.

मेहुणा चांगला आहे, पण त्यालाही संसार आहे. शनिवारी रात्री फोन करायचा, "दाजी, उद्या साखरपुडा आहे हो", "दाजी, उद्या कापसाचं माप आहे". एका हिवाळ्यात अकरा रविवार ठरवले आणि चारच वेळा पाण्यात उतरलो. उरलेले सात रविवार ती पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभी. सोसायटीची मांजर तिच्यात व्याली, हा तिचा त्या वर्षीचा सगळ्यात मोठा उपयोग.

हवेची पंधरा-सोळा किलोची, पाठीवरच्या पिशवीत. पहाटे पाचला उठावंसं वाटलं तर उठायचं, कोणाला विचारायचं नाही. चिखलाच्या अलीकडे कोरड्यावर दहा मिनिटं पंप मारायचा. घाम येतो, पण तो माझा एकट्याचा. वारा सुटायच्या आत, नऊपर्यंत परत.

तुमचं वेगळं असू शकतं. नांदेडला विष्णुपुरीचं पाणी नदीच्या पात्रातच अडवलेलं आहे, तिथे काठ असा पळत नाही. जवळ घर असेल, घरात दोन दणकट पोरं असतील, तर मी म्हणेन प्लास्टिकचीच घ्या. माझी ज्यांनी नेली त्यांच्याकडे भाऊ-भाऊ एकाच वाड्यात राहतात, मजेत चाललंय त्यांचं. फक्त गोदावरीत जलपर्णी वाढली की दोन्ही सारख्याच अडतात.

नाथसागरावर उतरणार असाल तर एक ध्यानात ठेवा, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. कुठून उतरायचं ते वन्यजीव विभागाला विचारूनच ठरवा, आणि थंडीत रोहित पक्ष्यांच्या थव्याच्या जवळ जाऊ नका. लाइफ जॅकेट दोन्हीत लागतंच.

आणि दुकानात जायच्या आधी एकदा आपल्या धरणावर जाऊन या, पण एप्रिलमध्ये. गाडी लावाल तिथून पाण्यापर्यंत पावलं मोजा. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा सहाशेच्या पुढे गेलो आणि मोजायचं सोडून दिलं.